विहिरीपलीकडची इंदू

सोम. २७ मे १९५७, डोंबिवली

आज इंदूच्या घरी जायला बंदी झाली. घातली तिच्या नवऱ्यानं, माधवरावांनी. कुंपणाबाहेर उभे राहून, नाकाशी निलगिरीचा रुमाल धरून, आणि इतके शरमून की मलाच त्यांची कीव आली. "कमळताई, रागावू नका. डॉक्टरच म्हणाले, तिला सहावा लागलाय, घरात बाहेरचं माणूस नको. आमच्या गिरणीच्या कचेरीत रोज कोणीतरी आडवं होतंय."

राग कसला. दोनदा तिसऱ्यातच गेलं तिचं. हे तिसरं टिकलंय. आणि माझ्या घरी तरी दम्याची आई आहेच. फ्ल्यू बोटीवरून आला म्हणतात. बोटीवरून आला तरी डोंबिवलीला पोचायला त्याला काय लागतं? नवरे सकाळी मुंबईला जातात आणि संध्याकाळी परत येतात.

पण इंदूशी न बोलता दिवस काढायचा म्हणजे. कल्याणच्या शाळेत एका बाकावर आम्ही तिघी. मी, इंदू, वसू. वसू नर्स होऊन ठाण्याच्या इस्पितळात गेली, इंदू लग्न होऊन इथे आली, मी मास्तरीण होऊन तिच्या मागोमाग. तिच्या घरात नि आमच्या घरात मधे एक विहीर, बस्स.

आई म्हणते, "चार दिवसांचं तर आहे. आणि एवढं बोलायला असतं तरी काय तुम्हा दोघींना?"

बुध. २९ मे

सापडलं! विहीर!

दुपारी वाळत घातलेलं काढायला गेले तर पलीकडच्या काठावर इंदू, पाय सोडून बसलेली. मधे अख्खी विहीर. ओरडावंसुद्धा लागत नाही, आवाज पाण्यावरून आपोआप पलीकडे जातो.

"काय गं आज?"
"काही नाही. तुझं?"
"माझंही काही नाही."

एवढ्यावर दोघी वेड्यासारख्या हसलो. ठरलं. रोज दुपारी इथे, चहा घेऊन. आपापला.

शनि. १ जून

पाहुण्यांचे सोनेरी काठाचे कप फडताळातून काढले. आई : "कोण येणारंय?" म्हटलं, कोणी येणार नाही म्हणूनच काढले. आईनं जरा विचार केला आणि आपला चहासुद्धा त्यातच मागितला. मग दोघी बोटं ताठ करून मडमांसारख्या प्यालो.

असं एकेक सुखाचं शोधायचं ठरवलंय. रोज एक तरी. कालचं : ओल्या फडक्यानं पुसलेली फरशी, पाठ टेकून. परवाचं : शिंप्याचं घरटं, अनंताच्या पानात शिवलेलं.

बुध. ५ जून

विहिरीवर भेंड्या. इंदू 'ळ'वर अडली की सरळ स्वतःच ओळ रचते आणि वर म्हणते, तुला ठाऊक नसेल, जुनी आहे. कडाक्याचं भांडण. हौशी भाजीची टोपली उतरवून बघत बसली होती. ही गावातली आगरीण, रोज दारावर येते. म्हणाली, "पोरींवानी भांडताव गो मास्तरीणबाय!"

वसूचं कार्ड. 'खाटा भरल्या, आता जमिनीवर. मी उभ्यानं जेवते, कधी तेही नाही. तुमच्या विहिरीचं वाचून हेवा वाटला. मेल्यांनो, माझ्या नावाचा एक घोट घेत जा.' मोठ्यानं वाचून दाखवलं. दोघींनी घेतला एकेक घोट वसूच्या नावाचा. इंदूला नंतर रडू आलं. अशा दिवसांत असंच होतं म्हणते.

शनि. ८ जून

शाळा उघडणं लांबलं. मागल्या आळीत दोन घरं आजारी. पाटकरांच्या सूनबाई गेल्या. परवा परवा मला पीठ चाळताना दिसल्या होत्या.

इंदूला करवंदांचे डोहाळे. हौशीनं कुठून शोधून आणली कोण जाणे, शेवटशेवटची. मी धुऊन मीठ लावून तिच्या काठावर पानात ठेवून मागे सरले, मग ती पुढे आली. देवाला नैवेद्य दाखवावा तसं. खाताना डोळे मिटले होते तिनं. तोंड जांभळं. तेवढं बघण्यात माझी दुपार सार्थकी लागली.

मग म्हणाली, "कमळ, हलतंय गं. तुला हात लावून दाखवायचंय." मधे विहीर. मी म्हटलं, श्रावणात दाखव.

बुध. १२ जून

वटपौर्णिमा. वडाशी कोणी नाही. इंदूनं घरीच फांदीला दोरा गुंडाळला.

"यंदा नवरा नाही मागितला," म्हणाली. "बारा वर्षं त्यालाच मागतेय. तो काही कुठे जात नाही. यंदा दुसरंच मागितलं."

पलीकडून माधवराव ओरडले, "ऐकू येतंय बरं मला!" आज ते घरीच होते. अंग मोडून आलंय म्हणाले.

अंग मोडून आलंय. ते ऐकल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही.

शनि. १५ जून

मा.रावांना ताप. बाहेरच्या पडवीत निजतात, इंदूला आत कोंडलंय. ती मागच्या दारातून येते विहिरीवर. डोकं दुखतं का, घसा कसा आहे, अंग बघ. मी रोज विचारते. ती म्हणते, "पुरे गं. भेंड्या खेळ."

हौशी तीन दिवस नाही. आज तिची नणंद आली टोपली घेऊन. "हौशी गेली बाय. ताप आयला न् दोन दिसांत गेली." मग लगेच, "दुधी देऊ?" दिला तिनं, मी घेतला. दुसरं काय करणार होते मी.

इंदूला सांगितलं. चहा दोघींनी तसाच ओतला.

मंगळ. १८ जून

आईला पहाटेपासून ताप. दम्यात ताप.

डॉक्टर दारातूनच बघून मिक्श्चर लिहून गेले. त्यांचाच आवाज बसलाय.

बुध. १९ जून

आई बसूनच आहे. आडवं झालं की गुदमरते. मी पाठीशी बसून तिला अंगावर टेकवून घेतलंय. हे डाव्या हातानं लिहितेय, अक्षर

शुक्र. २१ जून

विहिरीकडून इंदूचा आवाज. दुपारचा, ठरल्या वेळी. "कमळ! आई कशी आहे?" मी खिडकीतून, "तशीच!" "तू जेवलीस?" "हो!" जेवले नव्हते. "खोटं!" म्हणाली.

मग ती तशीच बसून राहिली असणार. मधूनमधून एक ओळ म्हणायची, भेंड्यातली, आणि थांबायची. मी उत्तर देऊ शकत नव्हते, आईच्या छातीला तेल लावत होते. तरी पुढचं अक्षर मनात शोधत होते. या आठवड्यातलं एवढंच चांगलं.

सोम. २४ जून

आईचा ताप उतरला. सकाळी घाम आला, दोन पातळं बदलली. पेज मागितली. मीठ कमी आहे म्हणाली! मी मोरीत जाऊन रडून घेतलं.

इंदूला सांगायला विहिरीवर धावले. नव्हती. पुष्कळ हाका मारल्या. माधवराव मागच्या दारात आले, अंगावर शाल, दाढी वाढलेली. नुसतं आतल्या बाजूला बोट केलं आणि कपाळाला हात लावून दाखवला.

मंगळ. २५ जून

इंदूला ठाण्याला नेलं, डॉक्टरांच्या मोटारीतून. मी रस्त्यावर गेले होते, आईला कडी लावून. मागच्या सीटवर, मान कलंडलेली. श्वास बाहेर ऐकू येत होता. मला ओळखलं का ठाऊक नाही. मी "इंदू" म्हटलं तर तिनं ओठ हलवले, त्यातून काही कळेना.

ठाण्याला वसू आहे. वसू आहे. वसू आहे.

गुरु. २७ जून

काही कळत नाही. माधवराव तिथेच. त्यांच्या घराला कुलूप.

शेजारच्या गायीला गवत टाकलं. शिंप्याची पिल्लं उडून गेलीत. रोज एक तरी शोधायचं ठरवलं होतं. आज नाही सापडलं.

रवि. ३० जून

वसू आली. स्टेशनवर निरोप धाडून बोलावलं मला, तिला पुढच्याच गाडीनं परतायचं होतं. ओळखलीच नाही आधी. गालाची हाडं वर आलेली, पांढऱ्या साडीवर डाग. बाकावर बसली आणि चपला काढून पाय वर घेतले, शाळेत घ्यायची तसे.

इंदू जगली. मूल गेलं. शुक्रवारीच झालं, सातव्यात. जन्मलं तेच निःशब्द. इंदू तेव्हा शुद्धीत नव्हती.

"मुलगी होती," वसू म्हणाली. "पण इंदूला सांगायचं नाही. तिच्या सासूबाई आल्यात गावाहून, त्यांनी सगळ्यांना बजावलंय. नुसतं 'गेलं' म्हणायचं. मुलगा का मुलगी कळलं की बाई त्यातच राहते म्हणाल्या. डॉक्टरही हो म्हणाले. तू पण शपथ घे."

घेतली. गाडी आली. वसू चढताना म्हणाली, "मी खूप केलं गं कमळ. आम्ही दोघीच होतो एवढ्या वॉर्डाला."

तिला काय सांगायला हवं होतं ते मला गाडी गेल्यावर सुचलं.

सोम. ८ जुलै

इंदूला घरी आणलं. टांग्यातून उतरताना लांबून पाहिली. दोघांनी धरून. पोट सपाट. माझी नजर तिथेच गेली, हलवता येईना.

शाळा सुरू झाली आहे. चौथीत दोन जागा रिकाम्या. हजेरी घेताना त्या नावांशी थांबत नाही, वर्ग वाट बघतो.

बुध. १० जुलै

गेले. आता बंदी नाही कसली. सासूबाईंनी पाट दिला, डोळ्यांनी पुन्हा एकदा दटावलं.

इंदू भिंतीकडे तोंड करून. केस कातरलेत तापात. मी बोलत राहिले. आई कशी मीठ मागते, शाळेत नवीन शाई किती पातळ आलीय, असलंच. बराच वेळ बोलले. ती न वळता म्हणाली,

"कमळ, तू येऊ नकोस."

मला वाटलं थकलीय. म्हटलं, उद्या येते.

"उद्याही नको. तुझ्यावर राग नाही. पण तुझा आवाज आला ना, की मी परत विहिरीवर बसलेली असते. आणि ते पोटात हलत असतं."

मी उठले. सासूबाई दारात "चहा?" म्हणाल्या.

शनि. २० जुलै

माधवराव रस्त्यात भेटले. कचेरीत जायला लागलेत. "मीच आणला तो घरात," एवढं म्हणाले आणि छत्री मिटवून पावसात तसेच उभे राहिले. मी म्हटलं, सगळ्यांच्याच घरात कोणीतरी आणला. ते म्हणाले, "हो. पण आमच्या घरात मी."

दुपारचं पाणी भरायला आता सकाळीच जाते. घागर कठड्याला लागू देत नाही. तिला आवाज नको.

रवि. ४ ऑगस्ट

ताप ओसरला म्हणतात सगळे. बाजार भरतो. लग्नं ठरतायत. पाटकरांकडेसुद्धा दुसरी बघतायत म्हणे, इतक्यात.

आई विचारते, "ते कप पुन्हा आत का ठेवलेस?" मी म्हटलं, फुटतील. खरं म्हणजे चहाला चव लागत नाही. कशालाच लागत नाही. मे-जूनमध्ये मरणाच्या दारात बसून जे जे गोड लागत होतं, ते आता दार बंद झाल्यावर तोंडात धरवत नाही. तेव्हा ते गोड होतं कारण पलीकडे सांगायला कोणी होतं. मग एकटीनं शोधून करायचं काय?

वसूला दोन कार्डं टाकली. उत्तर नाही. तिची बदली नाशिककडे झाली असं तिच्या भावाकडून कळलं. जाताना भेटली नाही.

तिघी आहोत. तिघी जिवंत आहोत. आणि हे असं.

बुध. १४ ऑगस्ट

उद्याच्या झेंडावंदनाची गाणी बसवत होते. मधल्या सुट्टीत बाहेर आले तर शाळेच्या पायरीवर इंदू. डोक्यावरून पदर, कातरलेले केस कानामागून डोकावणारे. एकटी. इतकी चालत आली होती. ओठ पांढरे पडले होते.

मी बोललेच नाही. माझा आवाज नको म्हणाली होती ना. शेजारी बसले.

पोरी पटांगणात लंगडी खेळत होत्या. तिनं बराच वेळ ते बघितलं. मग म्हणाली, "घरात सगळे 'ते' म्हणतात. ते गेलं, ते आपलं नव्हतं, ते देवानं नेलं. मी महिनाभर ऐकतेय. कमळ, ते म्हणजे काय? वसूनं तुला सांगितलं असणार."

मी शपथेचं म्हटलं. सासूबाई, डॉक्टर. ती म्हणाली, "त्यांना सगळ्यांना ठाऊक आहे. माधवरावांना ठाऊक आहे. वॉर्डातल्या झाडूवालीला ठाऊक असेल. पोट माझं होतं."

"मुलगी," मी म्हटलं.

रडेल वाटलं होतं. नाही रडली. "मुलगी," असं एकदा स्वतः म्हणून बघितलं, आणि पाठ जरा सरळ झाली तिची. "मला रोज दोन दोन दिसायची गं," म्हणाली. "एक मुलगा, एक मुलगी. कुणासाठी रडायचं तेच ठरेना."

घंटा झाली. मुली रांगा करायला लागल्या. मी उठणार तोच तिनं माझा पदर धरला.

"जावळ होतं?"

"काय?"

"डोक्यावर. जावळ. होतं का?"

हो म्हणून टाकावं असं अगदी जिभेवर आलं. काय बिघडलं असतं? पण तिनं माझ्याकडे असं बघितलं की हो म्हणवेना. म्हटलं, ठाऊक नाही गं. वसूनं मला तेवढं नाही सांगितलं.

"विचार तिला," म्हणाली. "दुसरं काही नको विचारू. एवढंच विचार."

शुक्र. १६ ऑगस्ट

वसूच्या भावाकडून नाशिकचा पत्ता मिळवला. कार्ड काढलं. कार्डावर असं लिहायचं कसं? पाकीट घेतलं शेवटी.

इंदू कालही आली होती, झेंडावंदनाला. मागे उभी होती, आयांच्यात. पेढा घेतला नाही.

मंगळ. २० ऑगस्ट

इंदू मधल्या सुट्टीत. "आलं?" "नाही." मग बसते, घंटा झाली की जाते. आज चौथीतली एक जण धडपडली, गुडघा फुटला. इंदूनं तिला मांडीवर घेऊन पदरानं पुसलं. मुलीनं विचारलं, "तुम्ही कोणाच्या आई?" मी पटकन पोरीला आत पिटाळलं. इंदू म्हणाली, "का पिटाळलीस? सांगणार होते मी."

काय सांगणार होती?

गुरु. २२ ऑगस्ट

वसूचं उत्तर. शिसपेन्सिलीनं.

'कमळ, खरं सांगू? आठवत नाही. माझी इंदू, आणि तिचंच मला आठवू नये. त्या आठवड्यात माझ्या हातांतून इतकी गेली की चेहरे एकमेकांत मिसळलेत. एकीला दाट जावळ होतं, कपाळापर्यंत. ती इंदूची का दुसऱ्या कुणाची, ते शपथेवर सांगता येणार नाही. तू हो म्हण. तिला कुठे कळणार आहे? आणि मला पुन्हा ते दिवस विचारू नकोस. रागावून नाही म्हणत.'

आईला वाचून दाखवलं. एकटीच्यानं झेपेना. वाटलं होतं, आई म्हणेल हो म्हणून टाक, पुण्यच आहे त्यात.

आई बराच वेळ सुपातले तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या आधीचं एक होतं."

मला हे कधीच ठाऊक नव्हतं.

"मलाही सगळे 'ते'च म्हणाले."

मी विचारलं, "मुलगा होता की..."

"तेच तर," आई म्हणाली, आणि सूप घेऊन उजेडाला सरकली.

पुढे विचारायला धीर झाला नाही. पस्तीस वर्षं मी तिच्याजवळ राहतेय.

उद्या मधल्या सुट्टीत इंदू येणार. डबा आणते म्हणालीय, दोघींचा, अळूची भाजी करून. आधी जेवू, मग विचारेल. की पायरीवर पाय ठेवतानाच विचारेल. खरं सांगितलं तर तिच्या हातात काहीच राहत नाही. हो म्हटलं तर तिच्या हातात राहील ते कुणा दुसरीच्या मुलीचं जावळ.